नदीकाठी समुद्राचा शंख : तेरच्या एका विसरलेल्या उद्योगाविषयी



आजचा विषय नदीकाठच्या एका लहान गावाचा आणि तिथल्या शंख-शिंपल्यांच्या उद्योगाचा आहे. गंगाखेडात, गोदावरीच्या काठावर हा विषय मांडायचा म्हटल्यावर पहिली शंका तुमच्याच मनात येणार. शिंपल्यांचा धंदा ही कोकणातली गोष्ट. तिसऱ्या, कालवं, खुबे हे शब्द रत्नागिरी-मालवणकडचे. आपल्या मराठवाड्यात समुद्र कुठला आणि शंख कुठला? देवघरात एक शंख असतो, आणि एखाद्याला अक्कल कमी असली की त्याला आपण 'शंख' म्हणतो. आपला संबंध संपला.

पण दोन हजार वर्षांपूर्वी असं नव्हतं. सातवाहनांच्या काळात, म्हणजे ढोबळमानाने इसवी सनाआधीच्या पहिल्या शतकापासून पुढची तीनेकशे वर्षं, मराठवाड्यातल्या बायकांच्या हातात शंखाच्या बांगड्या होत्या. पैठण, तेर, भोकरदन, प्रवरेकाठचं नेवासे, कुठंही त्या काळाचा थर खणा, पांढऱ्या बांगड्यांचे तुकडे निघतात. यातलं एकही गाव समुद्रावर नाही. मग हा समुद्राचा जिन्नस इथं आला कसा, इथं त्याचं काय झालं, आणि हा धंदा गेला कुठं? या तीन प्रश्नांभोवती आज आपण फिरणार आहोत. मधोमध ठेवणार आहोत तेर.

जनाबाईंच्या गावातल्या माणसांना तेर वेगळं सांगायला नको. ते गोरोबाकाकांचं गाव. इथून परळी, अंबाजोगाई, कळंब असं गेलं की धाराशिव जिल्ह्यात तेरणा नदीच्या काठी ते लागतं. तेरणा मांजरेला मिळते, मांजरा पुढे नांदेडच्या खाली गोदावरीला. म्हणजे तेरचं पाणीही शेवटी आपल्याच गंगेत येतं. आज तेर हे एक मोठं खेडं आहे. पण त्याचं जुनं नाव तगर, आणि हे नाव इजिप्तमध्ये राहणाऱ्या एका ग्रीक व्यापाऱ्याला माहीत होतं.

हा व्यापारी कोण, त्याचं नाव आपल्यापर्यंत आलेलं नाही. त्याचं पुस्तक आलं: 'पेरिप्लस', पहिल्या शतकातलं, तांबड्या समुद्रापासून हिंदुस्थानपर्यंतच्या बंदरांची माहिती देणारं. त्यात तो म्हणतो की भरुच बंदरापासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आहे, आणि पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांवर तगर. पैठणहून भरुचला गाड्या भरून अकीकासारखे दगड जातात. तगरहून जाडंभरडं कापड आणि तऱ्हेतऱ्हेची मलमल जाते. आणि पुढं तो एक वाक्य घालतो, ते आपल्या कामाचं आहे: किनाऱ्याकडच्या भागांतून तगरला येणारा इतरही काही माल तिथून पुढे जातो. त्या मालात शंख होता असं तो म्हणत नाही, आणि आपणही ते त्याच्या तोंडी घालू नये. पण एवढं नक्की, की समुद्रापासून सरळ रेषेत तीनशे किलोमीटरहून जास्त आत असलेल्या या गावात किनाऱ्याचा माल नेमाने येत होता, आणि हे परदेशी माणसाला सांगण्याजोगं वाटलं.

हे तगर कोणतं, यावर विद्वानांत बरीच वर्षं वाद होता. कुणी जुन्नर म्हणे, कुणी देवगिरी. १९०१ साली फ्लीट यांनी तगर म्हणजे तेर, हे मांडलं आणि ते टिकलं. नंतर १९५८ च्या सुमाराला चापेकरांनी इथं उत्खनन केलं. पण तेरची ओळख राखण्याचं मोठं काम त्याच गावातल्या एका माणसानं केलं, रामलिंगप्पा लामतुरे यांनी. गावच्या मातीतून निघणाऱ्या वस्तू त्यांनी वर्षानुवर्षं गोळा केल्या, हजारोंनी. आज तेरच्या सरकारी संग्रहालयाला त्यांचंच नाव आहे. तिथं मातीच्या मूर्ती आहेत, रोमन धाटणीचे दिवे आहेत, हस्तिदंताचं काम आहे, दगडी मणी आहेत, आणि शंखाच्या वस्तूही आहेत. तेरचं नाव अभ्यासक घेतात ते कापडासाठी, हस्तिदंतासाठी आणि शंखकामासाठी.

आता मूळ मुद्द्यावर येऊ. तुम्ही म्हणाल, शंखच कशाला? आपल्या गोदावरीतही शिंपले आहेत की. पाणी ओसरलं की वाळूत, गाळात सापडतात. काळपट-तपकिरी पाठ, आतून मोत्यासारखी चमक. हे गोड्या पाण्यातले शिंपले माणूस फार जुन्या काळापासून वापरतो. भीमेच्या खोऱ्यात घोड नदीकाठी इनामगाव आहे. तिथं डेक्कन कॉलेजनं १९६८ पासून १९८३ पर्यंत खणून साडेतीन हजार वर्षांपूर्वीचं शेतकऱ्यांचं गाव उजेडात आणलं. अशा ताम्रपाषाण काळच्या वस्त्यांत नदीच्या शिंपल्यांची टरफलं मिळतात. आतला जीव खाल्ला, धारदार टरफल खरवडायला ठेवलं, एवढा साधा हिशोब.

पण या शिंपल्याची बांगडी होत नाही. कारण सोपं आहे. शिंपला म्हणजे दोन चपट्या, पातळ वाट्या. त्यातून बटण निघेल, पदक निघेल, हात जाईल असं कडं कुठून निघणार? कड्याला गोल आणि जाड भिंतीचं काहीतरी लागतं. ते म्हणजे शंख. तोही कुठला तरी नाही, तर एका विशिष्ट जातीचा, ज्याला शास्त्रात टर्बिनेला पायरम म्हणतात. आपल्या देवघरात असतो तोच. याचं कवच जाड, पांढरंशुभ्र, चिनी मातीच्या भांड्यासारखं घट्ट. आडवा कापला की गोल कडं मिळतं. हा शंख मोठ्या प्रमाणावर मिळतो तो दोन ठिकाणी: एकीकडे कच्छचं आखात आणि सौराष्ट्राचा किनारा, दुसरीकडे तमिळनाडूच्या टोकाला मन्नारचं आखात. म्हणजे तेरच्या कारागिराला कोकणचा किनारा जवळ असूनही उपयोगाचा नव्हता. त्याचा कच्चा माल एकतर भरुचच्या बाजूनं यायचा, नाहीतर थेट दक्षिणेकडून. पेरिप्लसचा हिशोब धरला तर भरुच ते पैठण वीस दिवस, पैठण ते तेर दहा दिवस. तीस दिवस बैलगाडीचे, तेही भरुचपर्यंत माल पोचल्यावर.

इथं थोडं थांबून शंखाची एक सोय लक्षात घ्या. मासळी तीस दिवस टिकत नाही. कालवं दोन दिवस टिकत नाहीत. शंखातला जीव किनाऱ्यावरच काढून टाकला की उरतं ते कवच. ते सडत नाही, सहजी फुटत नाही, पावसानं भिजलं तरी बिघडत नाही, आणि वाटेत कुणी चोरून खाईल अशी भीती नाही. लांबच्या वाटेसाठी याहून चांगला माल कोणता? भरुचला अकीक आणि कापड उतरवून परत येणाऱ्या गाड्या रिकाम्या थोड्याच येणार. त्या तांबं, कथील, शिसं, पोवळं, परदेशी दारू असा माल घेऊन यायच्या; या वस्तू भरुचला उतरत असं पेरिप्लसमध्येच आहे. त्याच वाटेवर शंख. आपल्याला वाटतं की व्यापार म्हणजे राजे आणि जहाजं. पण या धंद्याचा कणा होता परतीचा बैल.

आता कारागीर काय करायचा ते बघू. हे काम नवं नव्हतं. द्वारकेजवळ नागेश्वर इथं हडप्पा संस्कृतीच्या काळचं शंखकामाचं गाव सापडलं आहे, म्हणजे सातवाहनांच्या दोन हजार वर्षं आधीचं. तिथं अख्खे शंख, कापलेले तुकडे, अर्धवट कडी, टाकलेला चुरा, सगळी साखळी मिळाली. पद्धत तेव्हापासून फारशी बदललेली नाही. आधी शंखाचं टोक फोडायचं. आतला पिळाचा खांब, ज्याभोवती शंख गुंडाळलेला असतो, तो ठोकून सुटा करायचा. मग पोकळ झालेला भाग करवतीनं आडवा कापत जायचं, काकडीच्या चकत्या करतात तसं. एका चांगल्या शंखातून तीन-चार कडी निघाली तर नशीब. कारण वरचा भाग अरुंद, खालचा तिरका, आणि मधेच किड्यांनी पोखरलेलं निघालं तर तेही गेलं. मग प्रत्येक कडं आतून-बाहेरून वाळूच्या दगडावर घासायचं, गुळगुळीत करायचं, हवं तर नक्षी कोरायची. आतला खांब वाया जात नाही. त्याचे मणी होतात, पदकं होतात.

हे काम कसं दिसत असेल ते बघायचं असेल तर बंगालकडे जावं लागतं. तिथं लग्न झालेली हिंदू बाई हातात शंखाची बांगडी घालते, 'शांखा' म्हणतात. ढाक्यात बुढीगंगेच्या काठी शांखारीबाजार नावाची अख्खी गल्ली शतकानुशतकं या कामावर जगली. १९१४ साली जेम्स हॉर्नेल या मद्रासच्या मत्स्य खात्यातल्या अधिकाऱ्यानं शंखावर एक पुस्तक लिहिलं. त्यात ढाक्याच्या कारागिराचं वर्णन आहे: जमिनीवर बसलेला, पायानं शंख दाबून धरलेला, आणि दोन्ही हातांनी अर्धचंद्राच्या आकाराची जड करवत पुढं-मागं झुलवणारा. आणि ढाक्याला तरी शंख कुठून येत होता? तमिळनाडूच्या आणि सिंहलच्या किनाऱ्यावरून. म्हणजे हाही नदीकाठचाच उद्योग, आणि इथंही नदीचा शंखाशी संबंध नाही.

या पांढऱ्या चुऱ्याचीही आठवण ठेवा. शंख घासताना उडणारी धूळ नाकातोंडात जाते. आपण बांगडीचं कौतुक करतो, संग्रहालयातल्या काचेआडची नक्षी बघतो. ती घासणाऱ्याच्या छातीत काय साठलं, हे कुठल्याही थरात सापडत नाही. सातवाहनकालीन लेण्यांच्या दानलेखांत विणकर भेटतात, तेली, कुंभार, कासार भेटतात. सांचीच्या तोरणावर विदिशेच्या हस्तिदंत कोरणाऱ्यांनी आपलं नाव लिहून ठेवलं. भोकरदनचं जुनं नाव भोगवर्धन. तिथल्या माणसांची दानं सांची-भारहूतच्या लेखांत नोंदलेली आहेत. शंख कापणारा मात्र आपल्याला भेटतो तो त्याच्या कचऱ्यातून.

हा कचऱ्याचा मुद्दा नीट समजून घ्या, कारण आजच्या बोलण्यातला हाच गाभा आहे. समजा एखाद्या गावात शंखाच्या शंभर सुंदर बांगड्या सापडल्या. त्यावरून काय सिद्ध होतं? एवढंच की त्या गावात बांगड्या घालणाऱ्या बायका होत्या. बांगड्या बाहेरून तयार आल्या असतील. पण त्याच गावात शंखाची फोडलेली टोकं निघाली, आतले खांब निघाले, करवतीचे समांतर ओरखडे असलेले तुकडे निघाले, घासायच्या आधीच तडकलेली अर्धवट कडी निघाली, तर मात्र तिथं कारखाना होता. विकण्याजोगी वस्तू गावोगाव फिरते, कचरा जिथला तिथंच पडतो. म्हणून उद्योगाचा पत्ता विचारायचा तर तो सुंदर वस्तूला विचारू नये, टाकाऊ वस्तूला विचारावा. आणि आपलं दुर्दैव असं, की आपण जपतो सुंदर वस्तू आणि फेकतो टाकाऊ.

हा धंदा संपला कसा, त्याकडे वळू. इथं तुलनेसाठी एक लांबचं उदाहरण घेऊ. अमेरिकेत आयोवा राज्यात मिसिसिपी नदीच्या काठी मस्कटीन नावाचं एक लहान शहर आहे. १८९१ साली बेपल नावाच्या जर्मन कारागिरानं तिथं नदीच्या शिंपल्यांपासून बटणं करायचा कारखाना काढला. त्याच्या आदल्याच वर्षी अमेरिकेनं बाहेरच्या मालावरची जकात वाढवली होती, त्यामुळे परदेशी बटणं महागली होती. नदीत शिंपल्यांचे थरच्या थर. पंधरा वर्षांच्या आत ते शहर जगातलं बटणांचं मोठं केंद्र झालं. १९०५ साली तिथं दीडशे कोटींच्या आसपास बटणं निघाली. गोल-गोल भोकं पडलेल्या शिंपल्यांचे ढीग गावभर. पण नदी किती पुरणार? थर खरवडून संपले. शिंपल्यांची पैदास वाढवायला सरकारनं जवळच संशोधन केंद्रही काढलं. बेपल स्वतः १९१२ मध्ये गेला, नदीत शिंपल्यानं पाय कापून विष भिनल्यामुळे. आणि पुढं प्लास्टिकचं बटण आलं, तेव्हा उरलासुरला धंदाही आटोपला.

मस्कटीन आणि तेर, दोन्ही नदीकाठची लहान गावं, दोन्हींचं नाव कवचांच्या कामामुळे झालं. पण फरक बघा. मस्कटीननं स्वतःची नदी खाल्ली. कच्चा माल दारातच होता, तो संपला आणि गाव अडचणीत आलं. तेरनं तेरणेतला एक शिंपलाही या कामाला वापरला नाही. त्याचा माल हजार-पाचशे मैलांवरून येत होता. तेर जगत होतं ते रस्त्यावर. म्हणून तेरचं दुखणंही वेगळं. वाट जोवर चालती, तोवर धंदा. तिसऱ्या शतकात सातवाहनांची सत्ता मोडली, रोमकडचा व्यापार ओसरला, भरुच-पैठण-तेर या वाटेवरच्या गाड्या कमी झाल्या. गाव मेलं नाही. तिथलं विटांचं त्रिविक्रम मंदिर मूळचं बौद्ध चैत्यगृह असावं असं मानतात, ते अजून उभं आहे. पुढं शिलाहार राजे कोकणात आणि कोल्हापुरात राज्य करतानाही स्वतःला मोठ्या अभिमानानं 'तगरपुराचे स्वामी' म्हणवत राहिले. म्हणजे नावाचा दबदबा शेकडो वर्षं टिकला. धंदा मात्र तेवढा टिकला नाही.

पण रस्ता हे अर्धं कारण झालं. उरलेलं अर्धं कारण मनगटावर आहे. ढाक्याला आणि बंगालला दूरवरूनच शंख येत होता, तरी तिथला धंदा आजपर्यंत चालला. का? तिथल्या बाईनं शंख सोडला नाही म्हणून. सौभाग्याची खूण शंखच राहिली, त्यामुळे कितीही लांबून आणावा लागला तरी माल आला. आपल्याकडे मात्र खूण बदलली. आपल्याकडच्या उत्खननांत वरच्या थरांत, बहमनी काळाच्या आसपास आलं की काचेच्या बांगड्यांचे तुकडे ढिगानं निघू लागतात: हिरव्या, काळ्या, पिवळ्या, बहुरंगी. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीला हेच, नेवाशाला हेच. मोरेश्वर गंगाधर दीक्षितांनी भारतीय काचेच्या इतिहासावर १९६९ साली पुस्तक प्रसिद्ध केलं, त्यांनी या सगळ्याचा बारकाईनं माग काढला आहे.

काच का जिंकली, हे समजायला अवघड नाही. काचेला वाळू आणि खार लागतो, तो इथंच मिळतो. रंग हवा तो देता येतो. एका शंखातून तीन-चार बांगड्या, काचेच्या एका भट्टीतून शेकडो. आणि सगळ्यांत मोठी गोष्ट: काच फुटली तर ती पुन्हा वितळवता येते, शंख फुटला की फुटला. स्वस्त, रंगीत आणि जवळची वस्तू समोर आली की दूरवरून येणारी पांढरी वस्तू मागं पडते. हिरवा चुडा आला आणि पांढरं वलय गेलं. आज लग्नात मणियार किंवा कासार येऊन नवरीचे हात भरतो. फुटली असं न म्हणता आपण 'बांगडी वाढली' म्हणतो. या सगळ्या भाषेत, या सगळ्या विधीत शंखाच्या बांगडीची आठवण कुठं उरलेली नाही. ज्या मातीत ती शेकडो वर्षं घातली गेली, त्या मातीतल्या बाईला ती आज बंगाली दागिना वाटते.

यातून आम्हाला जे दिसतं ते असं. आपण मराठवाड्याला सतत मागास म्हणत आलो. बाहेरच्यांनी म्हटलं, मग आपणही म्हणू लागलो. लांबचा, कोरडा, रस्ता नसलेला भाग. आणि त्याच भागातल्या तेरणेकाठच्या गावाचं नाव एकेकाळी नाईलच्या काठी ठाऊक होतं. इटलीत पाँपेई शहर इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलं. तिथं १९३८ साली हस्तिदंताची एक भारतीय स्त्रीमूर्ती निघाली, आणि तिच्यासारखं काम तेरला आणि भोकरदनला सापडलं. म्हणजे मागासपण हे मातीत नसतं. ते रस्ता कुठून जातो आणि मागणी कशाला आहे, यावर ठरतं. रस्ता बदलला की पुढारलेलं गाव मागास होतं. ही गोष्ट फुशारकी मारण्यासाठी नाही. उद्या आपल्या ऊस-कापसाचं, आपल्या बाजारपेठांचं काय होणार याचा विचार करताना ती उपयोगी पडते.

शेवटचा मुद्दा, आणि तो तुमच्याकडे मागणं म्हणून.

आपल्याकडे दोन मात्या मानतात, काळी आणि पांढरी. काळी म्हणजे शेत, पांढरी म्हणजे वस्ती. पिढ्यान्पिढ्या माणसं एके जागी राहिली की राख, शेण, पडक्या भिंती, खापरं यांचा थर चढत जातो आणि माती पांढुरकी होते. गावाची पांढर म्हणजे गावाचं सगळं जुनं दप्तर. आता या पांढरीचं आपण काय केलं? माळवदाच्या घरांवर पाणी झिरपू नये म्हणून पांढरी माती घातली. जुन्या गढ्या आणि टेकाडं खणून ती माती शेतात खत म्हणून टाकली. गरज होती, त्यात कुणाचा गुन्हा नाही. पण विचार करा, सातवाहनांच्या काळचं गाव असं टोपल्याटोपल्यानं उचललं गेलं आणि कुणाच्या छतावर, कुणाच्या रानात पसरलं. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपात दगडमातीची, जड माळवदांची घरं माणसांवर कोसळली. त्यानंतर लोकांनी मातीची छतं सोडली, पत्रे आणि स्लॅब आले, ते योग्यच झालं. पण पांढरीचं खणणं थांबलं नाही. आता टोपलीऐवजी जेसीबी आहे. टोपलीनं शंभर वर्षांत जेवढं गेलं नसेल, ते जेसीबी एका दुपारी नेतो.

त्यात बांगडीचा एखादा तुकडा कुणाला दिसला तर तो उचलतो. फोडलेलं शंखाचं टोक, करवतीचा ओरखडा असलेला तुकडा, आतला खांब, हे कोण उचलणार? ते दगड-गोट्यांत जातं. म्हणजे कारखान्याचा पुरावा जातो आणि फक्त दागिना उरतो.

म्हणून ओळख सांगून ठेवतो. नदीचा शिंपला पातळ असतो आणि आतून मोत्यासारखा चमकतो. शंखाचा तुकडा जाड, चिनी मातीसारखा पांढरा, चमक नसलेला. बांगडीचा तुकडा असेल तर तो वाकडा असतो, आणि कड्यात एके ठिकाणी आतून नैसर्गिक सांधा दिसतो, जिथं शंखाचा एक वेढा दुसऱ्याला चिकटलेला असतो. हाडाला बारीक छिद्रं असतात, शंखाला नसतात. आणि करवतीचे ओरखडे एका दिशेनं, समांतर जातात; नांगराचे किंवा कुदळीचे तसे जात नाहीत.

असं काही शेतात, पायाच्या खड्ड्यात, नदीच्या दरडीत दिसलं तर ते काढून घरी आणू नका. जागेवर राहिलेला तुकडा बोलतो, घरी आणलेला मुका होतो. कुठल्या थरात, कशाच्या शेजारी, किती खोल, हे कळलं तरच तो कारखाना होता की फुटलेली बांगडी, हे सांगता येतं. फोटो काढा, जागा नोंदवा, तलाठ्याला, तहसीलदाराला, पुरातत्त्व विभागाला कळवा. १९७२ चा पुरावस्तू कायदा शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंना पुरावस्तू मानतो. तो फक्त सोन्याच्या मूर्तींसाठी नाही. गोरोबाकाकांच्या थापटीची गोष्ट आपण सगळे सांगतो: कच्चं मडकं कुठलं आणि भाजलेलं कुठलं, हे त्यांना नुसत्या थापटीनं कळे. आपल्याला तेवढं नाही तरी निदान फुटक्या तुकड्याकडे थांबून बघणं जमावं.

पैठणपासून गंगाखेडपर्यंत आणि पुढं नांदेडपर्यंत गोदेच्या दोन्ही काठांना जुन्या पांढरी आहेत. त्यांत काय आहे, हे खणल्याशिवाय कळणार नाही. आणि खणायला काही उरलं तरच खणता येईल. तेरचं दप्तर एका लामतुऱ्यांमुळे निम्मंशिम्मं वाचलं. प्रत्येक गावाला लामतुरे मिळत नाहीत. पण प्रत्येक गावात दहावीतली दहा पोरं असतात, ज्यांच्या खिशात फोन आहे. त्यांना एवढं सांगा की पांढरा तुकडा दिसला तर आधी बघ, मग विचार, मग कळव. उचलू नको.

आमचं म्हणणं इथं थांबवतो. आता तुमचे प्रश्न घेऊ.